हलवायाच्या कपाटाची काच

पाटील,

लिहिणार मी, तुमचा एकुलता एक जावई. वय वर्षे चौऱ्याऐंशी पूर्ण. शिक्षण चौथी जमात, तीही निजामाच्या राज्यातील उर्दू शाळेत; त्यामुळे मराठी मी पुढे स्वतःच्या कष्टाने शुद्ध करून घेतली. धंदा पूर्वी मोटार हाकणे, सध्या घरी बसून वर्तमानपत्र वाचणे. राहणार जालना. नाव येथे लिहीत नाही, कारण ते तुम्ही हयातीत एकदाही उच्चारले नाही आणि आता लिहिले तर पत्र कोणाचे आहे हे ओळखण्यास तुम्हाला अडचण पडेल. तुम्ही मला 'मोटारवाले' म्हणत होता. तेव्हा मोटारवाले लिहीत आहेत असे समजावे. लिहितो ते पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, आणि खरे तेवढेच लिहितो.

निमित्त असे की परवा माझ्या नातवाच्या गाडीच्या पुढच्या काचेवर ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला व काचेला तडा गेला. मी म्हटले, आता निदान आठवडाभर गाडी उभी. नातू फोनवर कोणाशी तरी दोन वाक्ये बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण दारात आला, त्याने जुनी काच काढली, नवी चिकटवली, चहासुद्धा न घेता निघून गेला. मी खुर्चीत बसून ते सर्व पाहिले. काम चोख होते, त्यात मला काही उणे काढता आले नाही. परंतु मनात आले की यात कोणाच्या पागोट्याला हात लावण्याची वेळ आली नाही, कोणी कोणाशी भांडले नाही, कोणी हसले नाही. काच बसली आणि झाले. तेव्हापासून तुमची आठवण मनातून जात नाही.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माझी मोटार म्हणजे पूर्वी एका औषधविक्रेत्याची माल पोहोचविण्याची बंद डब्याची गाडी. तिला पुढे शिकलेले लोक व्हॅन म्हणू लागले. डब्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या कापून व आत बाके टाकून मी ती जालना ते अंबड आणि पुढे गोदावरीकाठच्या शहागडपर्यंत उतारूंसाठी चालवीत असे. पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून मागे कोळशाच्या वायूचा पिंप बसविला होता. तुम्ही तो पहिल्यांदा पाहिलात तेव्हा म्हणालात, "चूल संगं घेऊन फिरता व्हय?" सोयरीक ठरविण्याच्या बैठकीतील तुमचे दुसरे वाक्य तर माझ्या आजही कानात आहे. तुमच्या भावकीने माझी शेती किती, असे विचारले आणि माझ्याऐवजी तुम्हीच उत्तर दिलेत: "ह्यांच्या शेताला चाकं हायेत. उद्या कुठं जाईल, काय भरवसा?" सर्व बैठक हसली. मी हसलो नाही. त्याच क्षणी मी मनाशी ठरविले की, या गृहस्थांना मी पाटील म्हणेन, मामा म्हणणार नाही. जावयाने सासऱ्याला मामा म्हणावे ही आपल्याकडची रीत. पण जोपर्यंत तुम्ही मला मोटारवाले म्हणता तोपर्यंत तुम्ही पाटील. तरीही तुम्ही लेक दिलीत. का दिलीत हे तुम्ही कधी सांगितले नाही. तुमची लेक म्हणते, मीच हट्ट धरला होता. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यात माझा फायदा असल्याने मी तो ठेवतो.

आता तुमच्या केदारखेड्यातील ती सकाळ. लग्न आदल्या दिवशी लागले आहे. पाठवणीसाठी मोटार तुमच्या वाड्यापुढे झेंडूच्या माळा घालून उभी आहे. गावात मोटार येणे हीच त्या काळी यात्रा, त्यातून नवरी मोटारीत बसून जाणार, म्हणून आजूबाजूच्या वस्त्यांवरूनही माणसे आली आहेत. बैठकीत माझ्या चाकांना हसलेले तुम्ही, आता प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून मोटारीभोवती फिरवीत होता, हे मी पाहिले होते. निघण्यापूर्वी नारळ फोडायचा. तुमच्या घराचा रिवाज असा की लेकीची बैलगाडी निघताना घरच्या कर्त्याने नारळ गाडीच्या जूवर फोडायचा. मोटारीला जू नसते. तुम्ही नारळ हातात घेऊन मोटारीच्या तोंडाशी उभे राहिलात आणि जू जेथे असायला हवे त्या उंचीवर काही कठीण वस्तू शोधू लागलात. काचेखालची लोखंडी पट्टी तुम्हाला पसंत पडली. मी "पाटील, चाकाखाली ठेवू" असे म्हणेपर्यंत तुमचा हात उगारला गेला होता. पट्टी थोडी चुकली. नारळ फुटला नाही. काच फुटली, आणि नारळ जसाच्या तसा आत जाऊन माझ्या बसण्याच्या जागेवर विराजमान झाला.

वाजंत्री थांबले. तुमच्या चुलत्यांपैकी एक वृद्ध सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटले की देवानेच वाट अडविली. मी काच झाडून म्हटले की हरकत नाही, काचेवाचूनही मोटार चालते. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "फुटक्या काचातून माझी लेक जायची न्हाई. बिलकुल न्हाई." गाडी जुंपावी असे कोणी सुचविले. त्याला मी नकार दिला. माझी बायको माझ्या मोटारीतून जाईल असे मी सर्व जालन्याला सांगून आलो होतो. तुम्हीही नकार दिलात, कारण तुम्ही तेच सर्व केदारखेड्याला सांगितले होते. त्या बाबतीत आपले प्रथमच एकमत झाले. परंतु दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, आणि त्यापुढे महिनाभर पाठवणीला मुहूर्त नाही असे तुमच्या जोशीबुवांचे सांगणे होते. म्हणजे दिवे लागण्याच्या आत काच बसली तर ठीक, नाही तर महिना गेला. आणि महिन्याभरात भावकीने तुमचे मन काय काय वळविले असते, याची मला धास्ती होती. तेवढ्यात पदराआडून तुमच्या लेकीचा आवाज आला. "आबा, काच न्हाई तर वारं लागंल, दुसरं काय व्हईल?" तुम्ही म्हणालात, "तू गप बैस. अजून माझ्या घरात हाईस." पण तुमचा आवाज तेव्हा थोडा हलला होता, हे मी नमूद करतो.

नवी काच लढाईमुळे मिळणे शक्य नव्हते. जुनी शोधायची, आणि तीही मापाची. माप तुम्ही घेतलेत. गंजीतून कडब्याची दोन सरळ ताटे, म्हणजे ज्वारीची वाळकी धाटे, उपसलीत, एक चौकटीच्या लांबीइतके तोडलेत, दुसरे उंचीइतके. सुताराकडे जाताना तुम्ही असेच माप नेत होता आणि तुमच्या घरचे एकही दार कधी आखडले नव्हते, असे तुम्ही मला सांगितलेत. पद्धत मलाही शास्त्रशुद्ध वाटली. मग ताटे आणि न फुटलेला नारळ घेऊन तुम्ही माझ्या शेजारी, नवरीसाठी सजविलेल्या जागेवर बसलात. समोर काच नव्हती. भोकरदनच्या वाटेची सारी धूळ आपल्या दोघांच्या तोंडावर येत होती. तुम्ही पागोट्याचा सुटा शेव नाकातोंडाभोवती बांधला आणि जालना येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत.

जालन्यात माझे घर वाटेवरच होते. ते टाळण्याचा मी पुष्कळ विचार केला, परंतु दुसरा रस्ता नव्हता. झेंडूच्या माळा पाहताच गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या वाजंत्र्यांनी सुरुवात केली. उंबऱ्यावर तांदळाचे माप भरून ठेवले होते. माझी आई ओवाळण्याचे ताट घेऊन बाहेर आली, आणि मोटारीतून तोंड बांधलेले, धुळीने पांढरेफटक झालेले तुम्ही, हातात नारळ घेऊन उतरलात. आईने ताट खालीही ठेवले नाही आणि ओवाळलेही नाही. ती म्हणाली, "आवो पाटील, लेक द्यायची ठरली होती ना? का तुम्हीच आलात नांदायला?" सारी गल्ली हसली. मला वाटले, आता हे येथूनच परत फिरणार. परंतु तुम्ही शेव सोडला, मिशा झटकल्या आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालात, "येती ती, इहीणबाई. मोटारीला तोंड बसवून आणतो." माझी आई पुढे जन्मभर तुमची बाजू घेत राहिली, ती त्या एका उत्तरामुळे.

स्टेशनजवळचे मिस्त्री, ज्यांच्याकडे माझी मोटार दुरुस्तीला जात असे, त्यांनी हात झटकले. "लढाई चालू है मियाँ, काच किधर से लाऊँ?" असे म्हणून त्यांनी आपल्याला चहा पाजला. चहा पिता पिता त्यांना आठवले की माझ्या मोटारीची अगदी जोडीची एक मोटार सरकी काढण्याच्या एका कारखान्याकडे होती. ती खड्ड्यात उलटून मोडीत निघाली, पण काच शाबूत राहिली होती आणि तो सारा माल अंबडच्या भंगारवाल्याने उचलला होता. आपण लगेच अंबडची वाट धरली. त्या वाटेवर तुम्ही पहिल्यांदा आपणहून बोललात. मोटार किती पाणी पिते, कोळसा कोठून येतो, उतारात बैलासारखी दाबून धरावी लागते का, असे विचारीत होता. मी प्रत्येक प्रश्नाचे रीतसर उत्तर दिले. शेवटी तुम्ही म्हणालात, "म्हंजी जनावरच हाय की." मी तो गौरव समजलो.

अंबडला बाजाराचा दिवस होता. मोटार हलवायाच्या दुकानासमोर उभी करून, ताटे तिच्या पुढच्या बाजूस टेकवून आपण भंगारवाल्याची चौकशी करू लागलो. भंगारवाला समोरच निघाला. त्याने काच विकल्याचे कबूल केले आणि बोटाने हलवायाकडेच दाखविले. हलवायाने ती आपल्या मिठाईच्या कपाटाला पुढून लावली होती. काचेमागे पेढे, बालूशाही, बुंदीचे लाडू मांडलेले होते आणि बाहेरच्या बाजूने माशा तिच्यावर बसून आत पाहत होत्या. मी जवळ जाऊन पाहिले. काचेच्या एका कोपऱ्यात, पाऊस पुसण्याच्या पट्टीने वर्षानुवर्षे घासून उमटविलेली अर्धचंद्रासारखी पुसट रेघ होती; माझ्या फुटलेल्या काचेवर तशीच रेघ त्याच जागी होती. मला शंका उरली नाही. परंतु तुम्ही ताटे आणून लावलीत. लांबी बरोबर आली. उंचीला मात्र काच ताटापेक्षा चार बोटे मोठी भरली.

"न्हाई बसायची," तुम्ही म्हणालात.

मी म्हटले, बसेल. तुम्ही म्हणालात, ताट खोटे बोलत नसते. मी म्हटले, रेघही खोटे बोलत नसते. आवाज चढले. मोटारवाल्याला मापातले काय कळते, असे तुम्ही म्हणालात. आणि ज्यांना जू कोठे असते हे कळत नाही त्यांनी मापाच्या गोष्टी करू नयेत, असे मी म्हणालो. बाजार भोवती जमला. तुमचा चेहरा लाल झाला होता आणि माझाही तसाच असणार. हलवाई, मोठ्या पोटाचा हसरा गृहस्थ, झाऱ्या हातात धरून आपल्या दोघांचे ऐकत होता. तो सावकाशपणे म्हणाला, "पाटील, मोटार तर तुमच्या पाठीमागंच हुबी हाय. तिलाच इचारा की."

आपण दोघांनी वळून पाहिले. ज्या मोटारीसाठी केदारखेड्याहून माप आणले, ती मोटार त्या मापासकट आपल्याबरोबरच आली होती, ही गोष्ट तोपर्यंत आपल्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. घराचे दार सुताराकडे नेता येत नाही म्हणून ताट न्यायचे; मोटार स्वतःच्या पायांनी आली होती. त्याच वेळी गर्दीतील कोणीतरी बोट दाखविले. मोटारीशेजारी एका कुणब्याचा बैल बांधलेला होता आणि त्याच्या तोंडातून कडब्याचे एक पान लोंबत होते. ताटाची कमी पडलेली चार बोटे त्याने कधीच संपविली होती. प्रथम तुम्ही हसलात. पोट धरून, पागोटे सावरीत हसलात. मग मी हसलो. पाटील, इतके मी त्यापूर्वी कोणाच्या देखत हसलो नव्हतो.

परंतु काच अजून हलवायाचीच होती, आणि तो देईना. या काचेमुळे लोक त्याला ओळखतात, आतले दिसते पण माशीला मिळत नाही, अशी मिठाई सबंध तालुक्यात नाही, असे त्याचे म्हणणे. ते रास्तच होते. ऊन उतरू लागले होते. मी विनवणीचे शब्द जुळवीत होतो; ती कला मला कधी साधली नाही. तुम्ही मात्र कपाटाकडे पाहत उभे होता. तुमची मूठ घट्ट, अशी तुमची ख्याती. गुळाच्या खड्यासाठी तुम्ही दोन दुकाने फिरता असे तुमची लेकच सांगते. तुम्ही म्हणालात, "आत जे हाय ते सगळं बांधा."

"सगळं?"

"सगळं. कपाट रिकामं झाल्यावर काच कशाला राखता? लेकीची पाठवणी हाय माझ्या."

हलवायाने झाऱ्या खाली ठेवला. "आवो, पाठवणी हाय हे आधी सांगायचं. म्या काय काचाला कवटाळून बसलो असतो?" असे म्हणून तो आपणच खिळे काढू लागला. तुम्ही खांद्यावरचे आहेरातले नवे जरीकाठी उपरणे उतरविलेत आणि कपाटाच्या उघड्या तोंडावर आपल्या हाताने बांधलेत. तो नको म्हणत होता. तुम्ही ऐकले नाही. मोटारीच्या चौकटीला काच लावून पाहिली. ती अशी बसली की जणू तेथूनच काढून नेली होती.

अडचण एकच उरली. काच धरून ठेवणारी रबराची पट्टी फक्त जालन्याच्या मिस्त्रींकडे होती. तेव्हा अंबड ते जालना, तुम्ही दोन्ही पंजे काचेवर दाबून, चौकटीचे काम स्वतः करीत आलात. मागे मिठाईच्या टोपल्या, तुमच्या मांडीवर तो नारळ. वाटेत एका चढावर दचका बसला आणि तुमचे पागोटे घसरून डोळ्यांवर आले. तुम्ही मान झटकली. ते आणखी खाली आले. हात काढले तर काच जाणार. पाटलाच्या पागोट्याला दुसऱ्या माणसाने हात लावायचा नसतो, हे मला ठाऊक होते. तुमच्या सख्ख्या भावानेही कधी लावला नसेल. मी मोटार थांबविली नाही. काही वेळ तुम्ही तसेच आंधळे बसून राहिलात. मग त्या पागोट्याखालून, अगदी साध्या आवाजात तुम्ही म्हणालात, "जावईबापू, पागोटं वर करा."

मी एका हाताने चाक धरले आणि दुसऱ्याने तुमचे पागोटे वर करून नीट बसविले. डोक्यावर घामाची ऊब होती. तुम्ही समोरच्या काचेतून रस्ता पाहत म्हणालात, "आता दिसतंय." मी "हं" म्हणालो.

दिवेलागणीला केदारखेड्यात पोहोचलो. रबर बसले होते, काच पुसून लख्ख केली होती. नारळ तुम्ही माझ्या हाती देऊ लागलात. मी सर्वांसमोर सांगितले की नारळ पाटलांच्याच हातून फुटेल. तुम्ही मोटारीपासून बऱ्याच अंतरावर एक दगड मांडलात. तेव्हा मोटारीत बसलेली तुमची लेक म्हणाली, "आबा, आजून थोडं लांब." सगळे गाव हसले आणि तिचे रडायचे राहूनच गेले. नारळ पहिल्याच घावाला फुटला. जालन्यात आईने या वेळी योग्य माणसाला ओवाळले, आणि माझ्या गल्लीत त्या दिवशी जितकी मिठाई वाटली गेली तितकी पुढे कोणत्याही लग्नात वाटली गेलेली मी पाहिली नाही.

त्यानंतरही तुम्ही मला चारचौघांत मोटारवाले म्हणत राहिलात आणि मी तुम्हाला पाटील. जावईबापू हा शब्द तुमच्या तोंडून पुन्हा आला नाही. परंतु मी मोटार घेऊन केदारखेड्यास आलो की तुम्ही आधी काचेवर हात फिरवीत होता, मग लेकीची खुशाली विचारीत होता, आणि वाटेने जाणाऱ्याला थांबवून सांगत होता की ही काच म्या हातानं धरून आणली. निजामाचे राज्य गेले त्यानंतर लवकरच तुम्ही गेलात. शेवटच्या आजारात तुम्हाला जालन्याला दवाखान्यात मीच आणले, त्याच मोटारीतून, त्याच काचेमागून. पुढे मोटार विकली तेव्हा काच काढून घेतली. घेणाऱ्याने कारण विचारले. मी सांगितले, काच विकण्यातली नाही.

ती काच आज माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. तिच्यावर कागद ठेवूनच हे लिहितो आहे, आणि अर्धचंद्राची ती रेघ कागदातूनही बोटांना लागते. हे पत्र टाकण्याचे नाही. लिहून झाले की याच काचेखाली सरकवीन. कबूल करावयाचे एवढेच आहे: त्या चढावर, तुमचे पागोटे वर केले तेव्हा, "हं" हा शब्द माझ्या तोंडी नव्हता. दुसराच होता. तो जिभेवर आला, आणि मी चाक सरळ करण्याच्या निमित्ताने गिळला.

आत्ता तुमची लेक चहा घेऊन आली आणि कोणाला लिहिता, असे विचारते आहे. मी म्हणालो, "मामांना." तिने कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "निघालं का एकदाचं."

हे घडले त्या वेळी हजर असलेले साक्षीदार: तुमची लेक, आणि काच.